1 ऑगस्टची वाट पाहताना

8 मे 2013
अमेरिकी परराष्ट्र खात्याचं पत्र निघतं. टेक्सासच्या डिफेन्स डिस्ट्रिब्यूटेडनं ‘लिबरेटर’ पिस्तुलाच्या फाइल्स साइटवरून काढाव्यात. सोळा भाग, त्यातले पंधरा थ्रीडी प्रिंटरवर छापलेले प्लास्टिकचे. सोळावी फायरिंग पिन, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला साधा खिळा. कायदा लावलाय शस्त्रनिर्यातीचा. फाइल्स येऊन जेमतेम दोन दिवस झालेत. डाउनलोड लाखावर गेलेत. कंपनी फाइल्स काढते. पायरेट बे या फाइल-शेअरिंग साइटवर त्या तशाच राहतात.

29 जून 2018
कंपनीनं सरकारवर 2015 मध्ये भरलेला खटला मिटतो. फाइल म्हणजे मजकूर, तो प्रसिद्ध करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, असा कंपनीचा दावा. मनाई तात्पुरती उठवायला दोन कोर्टांनी नकार दिला होता. तरी माघार घेतं ते सरकारच, आणि वर सुमारे 40,000 डॉलर खर्चही देतं.

10 जुलै
तडजोड जाहीर होते. फाइल्स 1 ऑगस्टला खुल्या होणार, असं कंपनीच्या साइटवर. हीच तारीख सगळ्यांच्या डोक्यात बसते. करारात मात्र सरकारनं परवानगी द्यायची मुदत 27 जुलै आहे. करार काही गुप्त नव्हता.

27 जुलै, शुक्रवार
मुदतीला पाच दिवस, असं सगळे धरून चाललेत. ऑस्टिनमध्ये बंदूक नियंत्रणवाद्यांचा स्थगितीचा अर्ज न्यायाधीश फेटाळतात. परराष्ट्र खातं परवानगी देतं. फाइल्स त्याच दिवशी चढतात.

29 जुलै, रविवार
पेनसिल्व्हेनिया राज्यानं कंपनीला कोर्टात खेचलंय. कंपनी त्या राज्यापुरती साइट बंद ठेवायला कबूल होते. तोवर एआर-15 रायफलचे आराखडे हजारावर लोकांनी डाउनलोड केलेत.

30 जुलै, सोमवार
आठ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा तडजोडीविरुद्ध सिएटलच्या कोर्टात जातात.

31 जुलै, सकाळी 8 च्या सुमारास
ट्रम्प ट्विट करतात: या प्लास्टिकच्या बंदुकांत लक्ष घालतोय, नॅशनल रायफल असोसिएशनशीही बोललो, प्रकार काही पटत नाही. तडजोड त्यांच्याच सरकारनं केलेली.

31 जुलै, दुपारनंतर
मध्यरात्रीला काही तास उरलेत. सिएटलचे न्यायाधीश रॉबर्ट लासनिक स्थगिती देतात. वर्तमानपत्रं लिहितात, ऐन वेळी रोखलं. साइटवरून फाइल्स उतरतात. ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडून परत मागवायची सोय हुकुमात नाही.

27 ऑगस्ट
स्थगिती लांबते. निकालात लासनिक नोंदवतात: फाइल्स नेटवर टाकता येणार नाहीत, पण देशातल्या देशात ईमेलनं, टपालानं देता येतील.

28 ऑगस्ट
कंपनीचा कोडी विल्सन ऑस्टिनमध्ये पत्रकार बोलावतो. आता फाइल्स विकत मिळतील. किंमत गिऱ्हाइकानं ठरवायची.