तीन शब्द आणि लखनौची एक गोळी

गर्भ राहू न देण्याच्या उपायांसाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढले, तेव्हा त्यांचा शब्द होता 'संततिनियमन'. त्यात निर्णय स्त्री-पुरुषांचा होता. १९५२ मध्ये शासनाने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 'कुटुंबनियोजन' हा शब्द भिंतीभिंतींवर पोचला. त्याची दृष्टी लोकसंख्येवर होती. 'गर्भनिरोधक' हा तिसरा शब्द केवळ साधनाचे नाव आहे. ते साधन कोणाच्या इच्छेने वापरले जाते, हे तो सांगत नाही.

या साधनांच्या इतिहासात भारताचे स्वतंत्र योगदान आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नित्या आनंद यांच्या गटाने 'सेंटक्रोमन' हे संयुग घडवले. प्रचलित गोळ्यांत स्त्रीसंप्रेरकांसारखी स्टेरॉइडे असतात आणि त्या मुख्यतः बीजमोचन थांबवतात. सेंटक्रोमन स्टेरॉइड नाही. ते इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर निवडक परिणाम करते. बीजमोचन सहसा चालू राहते. मात्र गर्भाशयाचे अस्तर आणि फलित बीजाचा प्रवास यांचा मेळ बिघडतो व बीज रुजत नाही. या औषधाचा शरीरातील अर्धायुष्यकाल सुमारे एक आठवडा असल्याने पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच गोळी पुरते. १९९१ मध्ये ते 'सहेली' या नावाने बाजारात आले. २०१६ मध्ये शासकीय कार्यक्रमात त्याचा समावेश झाला. तेथे त्याचे नाव 'छाया' आहे.

तरीही देशाचा मुख्य मार्ग गोळीचा झाला नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांवर. त्या सक्तीची धास्ती दीर्घकाळ टिकली आणि कार्यक्रमाचा भार स्त्रियांकडे सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आणि सर्व प्रकारच्या गोळ्यांचे ५.१ टक्के आहे.

नसबंदी हा बहुधा कायमचा निर्णय असतो. गोळी पुढच्या आठवड्यात थांबवता येते. मन बदलण्याची ही मुभा प्रयोगशाळेने तीन दशकांपूर्वीच दिली. ती प्रत्येक आरोग्य केंद्रात स्त्रीला समजावून सांगितली जाईल, तेव्हाच 'गर्भनिरोधक' या शब्दात 'संततिनियमना'तील तिची इच्छा परत येईल.