नाताळचा देखावा आणि स्थलांतरितांचा प्रश्न

डिसेंबर लागला की चर्चसमोर ख्रिस्तजन्माचा देखावा उभा राहतो. गोठा, गव्हाणीतला बाळ येशू, मरीया, योसेफ, मेंढपाळ आणि तीन ज्ञानी पुरुष. वसईकर मंडळींना हा 'नाताळ गोठा' लहानपणापासून ठाऊक आहे. पण अलीकडे अमेरिकेतल्या काही देखाव्यांत पिंजरे आणि काटेरी तारा दिसू लागल्या आहेत. मुलांनी "हे असं का?" विचारले तर सांगता यावे, म्हणून आम्ही ही थोडी माहिती देत आहोत.

मूळ कथा

लूकच्या शुभवर्तमानात योसेफ आणि गरोदर मरीया नावनोंदणीसाठी बेथलेहेमला येतात. उतारशाळेत जागा नसते, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. मत्तयच्या शुभवर्तमानात हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठतो आणि हे कुटुंब रातोरात मिसर देशात पळून जाते. म्हणजे आसरा शोधणे हा या कथेचाच भाग आहे.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे बैल आणि गाढव आणून हा प्रसंग उभा केला, तेथून देखाव्यांची प्रथा रुजली असे मानतात. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर 'पोसादा' करतात. काहीजण दाराबाहेर उभे राहून गाण्यातून आसरा मागतात, आतले आधी नकार देतात आणि शेवटी दार उघडतात.

अलीकडचे देखावे

• २०१६ : व्हॅटिकनच्या चौकातील देखाव्यात माल्टाच्या कलाकाराने कोळ्यांची होडी ठेवली. समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांची ती आठवण करून देते, असे पोप फ्रान्सिस म्हणाले.

• २०१८ : मॅसॅच्युसेट्समधील डेडहॅमच्या सेंट सुझाना चर्चने बाळ येशूला पिंजऱ्यात आणि ज्ञानी पुरुषांना कुंपणापलीकडे दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीमेवर हजारो मुलांना आईवडिलांपासून वेगळे करण्यात आले होते.

• २०१९ : लॉस एंजेलिसजवळच्या क्लेअरमॉन्टमधील मेथडिस्ट चर्चने तिघांना तीन वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले. चर्चच्या आत मात्र तेच कुटुंब एकत्र दाखवले होते.

• २०२५ : सेंट सुझानाच्या गोठ्यातून पवित्र कुटुंबच गायब होते. जागी पाटी होती : 'आइस इथे येऊन गेले'. आइस म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणारे सरकारी खाते.

वाद

या देखाव्यांवर टीकाही झाली. पवित्र मूर्ती भक्तीसाठी असतात, राजकारणासाठी नव्हेत, अशी भूमिका घेऊन बोस्टनच्या धर्मप्रांताने २०२५चा देखावा काढायला सांगितले. कथेचा खरा अर्थ हाच आहे, असे चर्चवाल्यांचे म्हणणे. हा वाद आपल्याला नवा नाही. गणपतीच्या मांडवात हुंडाबळी, पाणीटंचाई यांवरचे देखावे आपण पाहिले आहेत आणि "देवापुढे हे कशाला?" हेही ऐकले आहे.

आणि आपण?

आपल्यापैकी बहुतेकजण व्हिसा घेऊन, विमानाने आलो. तेव्हा हा प्रश्न आपला नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षांची वाट आणि आईवडिलांच्या व्हिसाची धाकधूक कुठल्या घराला माहीत नाही? आपल्याला दार उघडले गेले, सगळ्यांनाच उघडले जात नाही. यंदा मुलांना देखावे दाखवायला न्याल, तेव्हा दाराबाहेर उभ्या राहिलेल्या त्या कुटुंबाची गोष्टही त्यांना जरूर सांगा.