मचाण पाहावे घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. मचाण पाहावे घेऊन, असे मात्र कोणी म्हटले नाही; कारण मचाण ही दुकानात मिळणारी वस्तू आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. हे ज्ञान मला पेनसिल्व्हेनियात भाच्याकडे राहायला गेलो असताना झाले.

भाच्याचा शेजारी शिकारी. म्हणजे वर्षभर कचेरीत कागद खरडायचे आणि ऑक्टोबर उजाडला की धनुष्यबाण घेऊन हरणांच्या मागे लागायचे. त्या धनुष्याला दोन्ही टोकांना चाके होती. प्रभू रामचंद्र हरणामागे पायी धावले आणि पुढे काय रामायण घडले, ते आपण जाणतोच. हा गृहस्थ अधिक सावध. झाडावर बसून हरीण खाली येण्याची वाट पाहणारा. बाण मारायचा तर हरीण वीस-तीस यार्डांत यायला हवे आणि जमिनीवरच्या माणसाची चाहूल त्याला लगेच लागते. पंधरा-वीस फुटांवर बसलेल्याकडे मात्र सहसा त्याचे लक्ष जात नाही. तिथल्या सरकारी शिकारक्षेत्रात झाडाला खिळे ठोकून मचाण बांधायला मनाई. तेव्हा मचाण पाठीवर न्यायचे आणि पाठीवरच परत आणायचे.

त्याचे जुने मचाण मोडकळीला आले होते. "मामा भारतातले आहेत, आणि वाघासाठी एक रात्र मचाणावर बसलेले आहेत," असे भाच्याने त्याला सांगून ठेवले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणून तज्ज्ञ या नात्याने मला दुकानात नेण्यात आले.

तिथे भिंतीवर मचाणे टांगलेली! ॲल्युमिनियमची, आठ-दहा किलो वजनाची. प्रत्येकाचे दोन भाग. वरचा बसायला, खालचा पाय ठेवायला. दोन्हींना खोडाभोवती वळसा घालणारा पोलादी दोर. वरच्यावर बसायचे, पायांत अडकवलेला खालचा भाग वर ओढायचा. मग त्यावर उभे राहून वरचा भाग वर सरकवायचा. सुरवंट चढतो तसे चढायचे. त्यासाठी झाड सरळ हवे आणि खालच्या बाजूला फांद्या नकोत. दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधायचे, कारण खालचा निसटून जमिनीवर गेला की वरचा माणूस त्रिशंकू! वजन पेलण्याची क्षमता ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो, असे मी मोठ्याने वाचले. आमच्या सौ.ने आधी आकड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"तुमच्याकडे कोणत्या कंपनीचं वापरतात?" शेजाऱ्याने विचारले.

आता याला काय सांगायचे? आमचे मचाण सगळ्या कंपन्यांच्या आधीचे. ईस्ट इंडिया कंपनीच्यासुद्धा! संस्कृतातल्या मंचाचे हे गरीब भावंड, आणि इंग्रज शिकाऱ्यांनी तो शब्द जसाच्या तसा उचललेला. आमचा शेतकरी चार खांबांवर माळा बांधतो, हातात गोफण घेऊन दिवसा पाखरे हाकलतो आणि रात्री डुकरे. शिकाऱ्यांनी तर कित्येकदा घरातली खाटच उचलून झाडाला बांधली. खाली पाडा किंवा बकरी, वर साहेब. राजेरजवाड्यांना एवढी अवघडलेली बैठक कुठून मानवणार? मेवाडच्या महाराण्यांनी उदयपूरच्या डोंगरांत ओदी नावाच्या पक्क्या दगडी चौक्या बांधल्या. शिवपुरी म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे शिकारीचे रान. तिथल्या माधव राष्ट्रीय उद्यानात तळ्याकाठचा 'शूटिंग बॉक्स' अजून दिसतो. १९११ साली पाचवे जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले, तेव्हा हत्तींचे कडे करून थोड्याच दिवसांत ३९ वाघ मारले गेले. तिथे वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

वाट पाहिली ती जिम कॉर्बेटने. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली. बद्री-केदारचे यात्रेकरू दिवस मावळायच्या आत दारे लावून घेत. कॉर्बेट वीस रात्री झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर, वाऱ्यात बसला. अखेर गुलाबराय इथल्या आंब्याच्या झाडावर मुक्काम ठोकला आणि २ मे १९२६ च्या रात्री बिबट्या पडला. खाली बांधलेली शेळी सुखरूप राहिली. बिबट्या झाडावर चढतो, हे कॉर्बेटला अर्थातच ठाऊक होते.

हाच कॉर्बेट म्हातारपणी केनियात जाऊन राहिला. तिथे १९३२ साली झाडावर बांधलेले 'ट्रीटॉप्स' नावाचे हॉटेल होते. मचाणच, फक्त वर चहा मिळे. ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री राजकन्या एलिझाबेथ तिथे प्राणी पाहत बसली आणि इकडे इंग्लंडात सँड्रिंगहॅमला तिचे वडील वारले. झाडावर चढली ती राजकन्या, उतरली ती राणी. कॉर्बेटही त्या रात्री तिथे होता. मचाणाला याहून मोठा मान काय मिळणार?

आमच्याकडे मात्र १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या वर्षीच्या मोजणीत देशात १,८२७ वाघ भरले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव जंगलांत आपले मेळघाट होते. मचाण राहिले, बंदूक गेली. तिच्या जागी पेन्सिल आली. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायचे! आता खरी मोजणी कॅमेरे करतात आणि पौर्णिमेची रात्र 'निसर्गानुभव' म्हणून उरली आहे. पण मी बसलो तेव्हा पेन्सिलीला मान होता.

मेळघाटातले ते मचाण ऐनाच्या झाडावर होते. सोबतच्या वनरक्षकांनी चढल्याबरोबर आपला गमछा सोडला आणि मला खोडाला बांधले. मला अपमान वाटला. मी म्हटले, "अहो, वाघ काय वर येणार आहे?"

"वाघ सहसा वर येत नाही साहेब. माणूसच खाली जातो."

"आणि बिबट्या?"

"तो येतो."

एवढा दिलासा मिळाल्यावर पहाटे तीनला मला डुलकी लागली. जाग आली ती कमरेला बसलेल्या हिसक्याने. डावी चप्पल पाण्यात पडली होती आणि मी अर्धा बाहेर लोंबत होतो. खाली पाणी पिणाऱ्या अस्वलाने वर पाहिले आणि ते निघून गेले. वनरक्षकांनी मला आत ओढले, कागदावर 'अस्वल १' असे लिहिले, आणि मग हळूच सांगितले, "माझे वडील साहेब लोकांसाठी मचाणं बांधायचे. एकदा बांधतानाच पडले. पाय कायमचा गेला. साहेबाला दुसऱ्या दिवशी वाघ मिळाला. फोटो आहे त्याचा. त्यात वडील नाहीत."

दुकानात हे सगळे आठवले. शेजारी बैठकीची गादी दाबून पाहत होता. मचाणाबरोबर एक पट्टा मिळतो. कमरेचा नव्हे; खांदे, छाती आणि मांड्या धरणारा. तो पाय जमिनीवरून उचलण्याआधी खोडाला अडकवायचा असतो. अमेरिकेतही मचाणावरून पडून दरवर्षी कितीतरी शिकारी जायबंदी होतात. "जुना पट्टा कुठे आहे?" मी विचारले. तो ओशाळून म्हणाला, "खोक्यात." पाच वर्षांत त्याने खोके उघडलेच नव्हते.

तज्ज्ञ या नात्याने मी सल्ला दिला. आधी पट्टा घाला, मग त्याला शोभेल असे मचाण निवडा. आणि भाच्याला मधे घालून ती मेळघाटची हकीकत सांगितली. त्याने मुकाट्याने पट्टा अंगात चढवला, बंद आवळले, आरशात पाहिले, आणि सहज विचारले, "त्या वडिलांचं नाव काय होतं?"

मी गप्प. बिबट्या कोणत्या तारखेला पडला हे मला पाठ होते, पाचव्या जॉर्जचे वाघ पाठ होते. हे नाव मी विचारलेच नव्हते. मला बांधून ठेवणाऱ्या मुलाचेसुद्धा.

घर पाहावे बांधून म्हणतात खरे. पण ते बांधणाऱ्या गवंड्याचे नाव तरी आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?