चूक की अन्याय? सार्जंट कार्टरची फाईल आणि आपण

१३ जानेवारी १९९७. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये दुसऱ्या महायुद्धातील सात कृष्णवर्णीय सैनिकांना 'मेडल ऑफ ऑनर' जाहीर समारंभात प्रदान केले. हे त्या देशाचे सर्वोच्च लष्करी पदक. सातपैकी सहा जण तोपर्यंत मरण पावले होते. हयात होते ते एकटे व्हर्नन बेकर. मरण पावलेल्या सहांपैकी एक होते स्टाफ सार्जंट एडवर्ड कार्टर.

पण कार्टर यांची सेवा-नोंद यानंतरही अपुरीच होती. 'गुड कंडक्ट मेडल' हे अगदी साधे पदक. ठरावीक काळ चांगल्या वर्तणुकीने नोकरी केली की सामान्य शिपायालाही ते मिळते. कार्टर यांच्या कुटुंबाच्या हाती ते पडायला १९९९ साल उजाडावे लागले. म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात शूर माणसांच्या यादीत नाव आले, पण हा माणूस चांगला वागला एवढे लिहायला सैन्याला आणखी जवळपास तीन वर्षे लागली.

असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच घरातल्या पत्र्याच्या पेट्या आठवल्या. म्हणून हा लेख.

कोण होते कार्टर?

कार्टर यांचा जन्म १९१६ चा, लॉस एंजेलिसचा. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी, आई भारतीय, कलकत्त्याची. बालपणाचा काही काळ भारतात गेला, पुढे कुटुंब शांघायला गेले. तरुणपणी कार्टर स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या अब्राहम लिंकन ब्रिगेडमध्ये दाखल झाले. १९४१ मध्ये ते अमेरिकन सैन्यात भरती झाले.

त्या वेळी अमेरिकन सैन्यात वर्णभेद उघड होता. काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या, त्यांचे अधिकारी बहुतेक गोरे. काळ्या सैनिकांना बंदुकीऐवजी ट्रक, गोदाम, स्वयंपाक, रस्ते अशी कामे जास्त. कार्टरही ट्रकच्या तुकडीत होते. १९४४ च्या डिसेंबरात जर्मनांनी मोठा हल्ला केला, पायदळात माणसे कमी पडू लागली, तेव्हा काळ्या सैनिकांना आघाडीवर स्वेच्छेने येण्याचे आवाहन झाले. मात्र अट अशी की सार्जंटांनी आपल्या फिती उतरवून साधा शिपाई म्हणून यायचे, कारण काळ्या सार्जंटाने गोऱ्यांना हुकूम द्यावा हे सैन्याला मान्य नव्हते. लढण्याचा हक्क मिळवण्यासाठी आधी हुद्दा सोडायचा! कार्टर यांनी फिती उतरवल्या आणि गेले.

२३ मार्च १९४५. जर्मनीतील श्पायर गावाजवळ त्यांच्या रणगाड्यावर गोळीबार झाला. कार्टर तीन साथीदारांना घेऊन उघड्या शेतातून पुढे निघाले. थोड्याच वेळात दोघे ठार झाले, तिसरा गंभीर जखमी झाला. कार्टर एकटे पुढे सरकत राहिले. पाच जखमा झाल्यावर त्यांनी आडोसा घेतला. त्यांना पकडायला आठ जर्मन सैनिक आले. त्यांपैकी सहांना कार्टर यांनी मारले, दोघांना कैद केले आणि त्याच दोघांची ढाल करून शेत ओलांडून ते परत आले. कैद्यांकडून शत्रूच्या ठिकाणांची माहितीही मिळाली. या पराक्रमासाठी त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' मिळाला. हे दुसऱ्या क्रमांकाचे पदक.

काळी फाईल

सैन्यात कार्टर यांच्या नावाची आणखी एक फाईल होती आणि ती गुप्तचर विभागाची होती. हा माणूस शांघायमध्ये वाढला आणि स्पेनमध्ये लढला, म्हणजे तो कम्युनिस्ट असणार, असा संशय. वरिष्ठ त्यांच्या कामाची तारीफ करत होते आणि पाळतही चालू होती. १९४९ मध्ये त्यांची मुदत संपली. पुन्हा भरती व्हायला गेले, तर दार बंद. कारण सांगितले नाही. आरोप काय ते कळवले नाही, सुनावणी झाली नाही. त्यांनी दाद मागितली, काही उपयोग झाला नाही. टायरच्या धंद्यात मजुरी करत १९६३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी ते वारले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जुलै १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील समान वागणुकीचा आदेश काढला होता. कार्टर यांना दार बंद झाले ते त्यानंतर वर्षभराने. कायदा बदलला, पण फाईल तशीच राहिली. आपल्याला हा अनुभव नवा आहे का?

पुरावा कुठे आहे?

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धासाठी चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली गेली. १९९७ पर्यंत त्यातले एकही काळ्या सैनिकाला नव्हते. एकही नाही!

नव्वदच्या दशकात सैन्याने या प्रश्नाचा अभ्यास नॉर्थ कॅरोलिनातील शॉ विद्यापीठाकडे सोपवला. ही कृष्णवर्णीयांची जुनी शिक्षणसंस्था. अभ्यासकांनी दप्तरे उपसली. पण १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवा-नोंद केंद्राला आग लागली होती आणि दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या होत्या. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. दुसरी प्रत नव्हतीच.

अभ्यासकांच्या निष्कर्षातली एक बाब आपण पाठ करून ठेवावी अशी आहे. काळ्या सैनिकांना पदक देऊ नये असे सांगणारा एकही अधिकृत कागद त्यांना मिळाला नाही. तरीही त्यांनी ठामपणे मांडले की सैन्यातील वंशभेदी वातावरण आणि व्यवहार हेच पदके न मिळण्याचे कारण होते. त्यांनी दहा सैनिकांची नावे पुढे ठेवली, त्यांतल्या सातांना पदक मिळाले. मुदत केव्हाच संपली होती, म्हणून काँग्रेसला कायदा करून ती बाजूला सारावी लागली.

समाजशास्त्र शिकताना आम्ही संस्थात्मक भेदभाव हा शब्द वाचला होता. त्याचा अर्थ इथे उघडा दिसतो. भेदभाव करणारा स्वतःच्या हाताने पुरावा लिहून ठेवत नाही. तो फक्त शिफारस करत नाही, नोंद करत नाही, अर्ज पुढे सरकवत नाही. मग पन्नास वर्षांनी विचारतो, पुरावा कुठे आहे? जातीचा अनुभव सांगणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला हाच प्रश्न विचारला जातो. शॉ विद्यापीठाने दिलेले उत्तर त्याला देता आले पाहिजे. चारशेच्या यादीतला तो शून्य हाच पुरावा आहे.

सुनेने उघडलेली फाईल

कार्टर यांना मेडल ऑफ ऑनर मिळणार असे कळल्यावर त्यांच्या सूनबाई अ‍ॅलीन कार्टर कामाला लागल्या. घरातली कागदपत्रे, पत्रे, जुने फोटो त्यांनी गोळा केले. पदक घेऊन त्या गप्प बसल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. एवढ्या शूर माणसाला सैन्याने हाकलले का? माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून त्यांनी गुप्तचर फायली मिळवल्या. त्यात संशय भरपूर होता, देशद्रोहाचा पुरावा नव्हता.

नोव्हेंबर १९९९ मध्ये सैन्याने कुटुंबाची औपचारिक माफी मागितली. दुरुस्त केलेल्या नोंदी दिल्या. सोबत गुड कंडक्ट मेडल, आर्मी ऑफ ऑक्युपेशन मेडल आणि अमेरिकन कॅम्पेन मेडल ही तीन पदके दिली. कार्टर यांना जाऊन ३६ वर्षे झाली होती.

अमेरिकेत सेवा-नोंद दुरुस्त करण्यासाठी १९४६ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळांची तरतूद झाली. निर्णय देणारे लोक गणवेशातले नसतात, नागरी असतात. अर्ज तीन वर्षांत करायचा, पण न्यायासाठी आवश्यक वाटले तर मंडळ ही मुदत माफ करू शकते. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. सरकारी कागद बरोबर आहे असेच आधी धरले जाते.

पण या कायद्यातले दोन शब्द आम्हाला मोलाचे वाटतात. नोंद कशासाठी दुरुस्त करता येते? 'चूक' सुधारण्यासाठी किंवा 'अन्याय' दूर करण्यासाठी. चूक म्हणजे कारकुनाच्या हातून आकडा चुकला, पदकाचे नाव राहून गेले. अन्याय म्हणजे कागद नियमाप्रमाणे बिनचूक आहे, पण नियम चालवणाराच भेदभाव करत होता. कार्टर यांच्या फायलीत टंकलेखनाची चूक नव्हती. तिच्यात लिहिलेला प्रत्येक संशय शिस्तीत, शिक्क्यासह, सही करून लिहिलेला होता. तो अन्याय होता.

आपल्या नोंदी

काही मित्र म्हणतील, परक्या देशाच्या युद्धातली पदके, त्यांचे आपल्याला काय? काही तर कोरेगावबद्दलही हेच विचारतात. ती इंग्रजांची लढाई होती, तुम्ही कसला अभिमान बाळगता?

त्यांना आपल्या पूर्वजांचे अर्ज वाचायला सांगावे. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत आणि त्यांत 'नाक' शेवटी असलेली महार नावे आहेत. ज्या कंपनी सरकारने ही नावे दगडात कोरली, त्याच्या वारस राजवटीने १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यांनी सेवेचा हवाला दिला तो साम्राज्याची आरती ओवाळण्यासाठी नव्हे. तुमच्याच दप्तरात आमचे कर्तृत्व नोंदलेले आहे, मग हक्क का नाकारता, हा त्यांचा सवाल होता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल यावे लागले. गरज असेल तेव्हा शूर, गरज संपली की नालायक! कार्टर यांची गोष्ट आणि ही गोष्ट वेगळी कशी म्हणणार?

सुभेदार रामजींच्या मुलाने हे साम्य ओळखले होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. घोषणा मागितली नाही, कागद मागितला.

पत्र्याची पेटी उघडा

आमच्या कामात एक कुटुंब भेटले. आजोबा सैन्यात होते. पत्र्याच्या पेटीत रुमालात बांधलेली तीन पदके आणि एक डिस्चार्ज बुक. बुकात नोंद मात्र दोनच पदकांची. आजोबांचे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. आजीचे नाव तर लग्नाआधीचेच राहिलेले. एका कार्यालयात मुलगा चौकशीला गेला तेव्हा उत्तर मिळाले, "जुनी चूक आहे, आता कशाला उकरता?" तो गप्प परत आला. आम्ही त्याला कार्टर यांच्या सुनेची गोष्ट सांगितली आणि अर्ज लिहायला बसवले. तिसऱ्या पदकाचा निकाल अजून लागलेला नाही. पण अर्जाची पोच त्याच्या हातात आहे, आजीचे नाव दुरुस्त झाले आहे.

म्हणून तरुणांना सांगणे आहे. १ जानेवारीला स्तंभापुढे नतमस्तक व्हाच, पण २ जानेवारीला घरातली पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, पदके यांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले असेल तर ते टिपून घ्या. नावांतला फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून येऊ नका. पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. आजोबांचे साथीदार हयात असतील तर त्यांचे म्हणणे आजच लिहून घ्या. व्हर्नन बेकर जिवंत होते म्हणून त्यांना स्वतःच्या हाताने पदक घेता आले. बाकी सहांना नाही.

आणि दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले असेही समजू नका. पहिल्या महायुद्धातले हेन्री जॉन्सन हे असेच एक कृष्णवर्णीय वीर. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी जखमी अवस्थेत जर्मनांचा हल्ला परतवला. फ्रान्सने लगेच गौरव केला. स्वतःच्या देशाचे मेडल ऑफ ऑनर २०१५ मध्ये मिळाले, मृत्यूनंतर ८६ वर्षांनी. २०२३ मध्ये लुइझियानातील लष्करी तळाचे नाव बदलून फोर्ट जॉन्सन केले. आधीचे नाव फोर्ट पोक, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनानीचे. २०२५ मध्ये ते पुन्हा फोर्ट पोक झाले. या वेळी त्याच आडनावाचा दुसरा सेनानी शोधून काढला गेला. दोन वर्षांत पाटी उतरली.

पाटी उतरवता येते. सेवा-नोंदीत शिक्क्यानिशी आलेला शब्द उतरवणे त्याहून अवघड असते, म्हणून आपण तो शब्द लिहवून घ्यायचा. आणि अर्जात कारण लिहिताना चूक कुठली आणि अन्याय कुठला, हे ओळखून, न घाबरता लिहायचे.

जय भीम!