दि. बा. पाटील : एका ध्यासाचें स्मरण

न्हावा आणि शेवा हीं मुंबई बंदराच्या पूर्वेस, रायगड किनाऱ्यावर वसलेलीं दोन जुनीं गांवें. आज हें जोडनांव उच्चारतांच मोठें बंदर डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु बंदरापूर्वीं या टापूंत भाताचीं खाचरें होतीं, मिठागरें होतीं आणि खाडींतील मासळीवर जगणारे कोळीवाडे होते. येथील आगरी, कोळी व कराडी कुटुंबांत एका दिवंगत पुरुषाचें नांव घरच्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें घेतलें जातें. ते म्हणजे दिनकर बाळू पाटील, लोकांचे 'दि. बा.'. माणूस गेल्यावर त्याचे गुण सर्वांच्या तोंडीं असतात. त्याला आयुष्यभर कशाचा ध्यास होता, हें मात्र लौकरच विसरलें जातें. यास्तव श्रोत्यांनीं या चरित्राकडे त्या एकाच बाजूनें पाहावें, हें उचित होय.

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजीं उरण तालुक्यांतील जासई गांवीं, शेतकरी घरांत झाला. ते वकील झाले, परंतु त्यांची खरी वकिली लोकांच्या दरबारांतच चालली. शेतकरी कामगार पक्षाच्या वतीनें ते १९५७ सालीं पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. १९७२ पासून पांच वर्षे तेथें विरोधी पक्षनेते होते, आणि १९७७ सालीं लोकसभेवर गेले. पनवेल येथील त्यांच्या घराचें नांव 'संग्राम' असें होतें.

१७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचें ठरलें. भूसंपादन १८९४ च्या कायद्याखालीं होत होतें. या कायद्यान्वयें जमिनीची किंमत अधिसूचनेच्या दिवशींच्या बाजारभावानें ठरे. म्हणजे भाताच्या शेताला शेताचाच भाव मिळे. पुढें त्याच शेतांत रस्ते झाले, वीज आली, इमारती उभ्या राहिल्या, कीं वाढलेल्या किंमतीशीं मूळ खातेदाराचा कांहीं संबंध उरत नसे. दि. बां.च्या मनाला हाच अन्याय सलत होता. शेतकऱ्याला भाव वाढवून मिळावा, असें त्यांचें म्हणणें होतेंच. परंतु त्यांचा मुख्य आग्रह असा कीं, त्याच्या जमिनीवर जें नगर उभें राहील, त्यांत त्याचा वांटा असावा. पैसा खर्चून जातो. वांटा राहिला तर माणूस आपल्या गांवांत राहतो.

या आग्रहाची कसोटी जानेवारी १९८४ मध्यें लागली. १६ जानेवारीस जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीस नवघर येथें पोलिसांनीं शेतकऱ्यांवर गोळीबार केला. चिरल्याचे नामदेव शंकर घरत, धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर, तसेच पागोट्याचे कमळाकर कृष्ण तांडेल, महादेव हिरा पाटील व केशव महादेव पाटील असे पांच जण धारातीर्थीं पडले. दरवर्षीं जानेवारींत या हुतात्म्यांना येथें अभिवादन केलें जातें. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असतांना कुलाबा मतदारसंघानें दि. बां.नाच निवडून दिलें.

१९९० सालीं राज्य सरकारनें साडेबारा टक्के योजना मान्य केली. हिशेब साधा आहे. एकराचे गुंठे ४०. त्यांतून विकसित जमीन परत मिळावयाची ती ५ गुंठे, आणि त्यांतूनहि सार्वजनिक सोयींसाठीं कपात होऊन हातीं यावयाचे साडेतीन गुंठे. एवढ्या तुकड्यासाठीं पांच जीव गेले! तथापि, ज्याची जमीन गेली त्याचा पुढील विकासावर हक्क पोहोंचतो, हें तत्त्व त्या तुकड्यानें प्रस्थापित केलें.

खुद्द न्हावा-शेव्याच्या बंदरग्रस्तांना मात्र फार ताटकळावें लागलें. बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. साडेबारा टक्के भूखंडांचीं इरादापत्रें देण्यास प्रारंभ झाला तो १६ ऑगस्ट २०१४ रोजीं. तें पाहावयास दि. बा. उरले नव्हते. २४ जून २०१३ रोजींच त्यांचें निधन झालें होतें.

पुढें नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचें नांव द्यावें म्हणून १० जून २०२१ रोजीं गांवोगांवच्या लोकांनीं मानवी साखळी केली, आणि २०२२ सालीं राज्य मंत्रिमंडळानें तसा निर्णय घेतला. ही माया खरी आहे. परंतु ज्या भूखंडांसाठीं हा पुरुष झगडला, त्यांतील पुष्कळसे आज विकले गेले आहेत, आणि तो पैसाहि पूर्वीच्या मोबदल्याप्रमाणेंच खर्चून गेला आहे. उरलेला वांटा ज्यांनीं जपला व मुलांच्या हातीं दिला, त्यांच्या घरीं दि. बां.च्या तसबिरीला हार नसला तरी चालेल. त्यांचा ध्यास तेथें जिवंत आहे.