एका सूत्रकृमीवरील संशयाचा इतिहास

सरकारी दप्तरात जमिनीची नोंद क्षेत्र, प्रत आणि आकार यांनी होते. तिच्या पोटातील जीवांची नोंद शास्त्रज्ञांनी ठेवली आणि ती त्यांना वेळोवेळी दुरुस्तही करावी लागली. ॲफेलेंकस ॲव्हेनी या सूत्रकृमीची हकीकत अशीच आहे.

इंग्लंडमधील डॉक्टर हेन्री चार्ल्टन बास्टियन यांनी १८६५ साली मुक्त सूत्रकृमींवरील प्रबंधात शंभर नव्या जातींचे वर्णन केले. त्यांत दोऱ्यासारखा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा कृमी होता. त्याचे ‘ॲव्हेनी’ हे नाव ओट या धान्याच्या लॅटिन नावावरून आले. पुढे रोगट मुळांत तो वारंवार आढळू लागला आणि साहजिकच पिकाचा शत्रू असल्याचा संशय त्याच्यावर आला.

१९३६ साली अमेरिकेत क्रिस्टी व आर्ंट यांनी त्याच्या आहारावरील अभ्यास प्रसिद्ध केला. या व नंतरच्या संशोधनातून बुरशी हेच त्याचे मुख्य अन्न असल्याचे स्पष्ट झाले. तोंडातील पोकळ सुईने तो बुरशीच्या तंतूला छिद्र पाडून आतील रस शोषतो. कुजक्या मुळापाशी तो जमतो, तो तेथे वाढलेल्या बुरशीसाठी. रोपे कुजविणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीचा उपद्रव त्याच्यामुळे घटल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. अर्थात त्याला सरसकट मित्र म्हणणेही योग्य नव्हे. मुळांना स्फुरद मिळवून देणारी उपकारक बुरशीही तो खातो आणि अळिंबीच्या वाफ्यांत नुकसान करतो.

त्याची जीवनरीतीही विलक्षण आहे. एरवी माद्या नराविनाच प्रजा वाढवितात. नर प्रामुख्याने अधिक उष्णतेत वाढलेल्या पिढीत दिसतात. माती हळूहळू सुकली, तर हा कृमीही सुकून निश्चेष्ट पडतो आणि पाणी मिळताच पुन्हा हालू लागतो. सुकताना तो अंगातील साठ्यापासून ट्रेहॅलोज ही शर्करा तयार करतो, हे मॅडिन व क्रो यांनी १९७५ साली दाखविले. वनस्पतींना शुष्कता सोसण्यास साहाय्य करणाऱ्या प्रथिनासारख्या प्रथिनाचे जनुक २००२ साली त्याच्यात सापडले.

आरोपीजवळ सापडलेला प्रत्येक जण आरोपीचा साथीदार नसतो, हा न्याय मातीलाही लागू आहे. सूत्रकृमिनाशक औषध मात्र मुळे पोखरणारा आणि बुरशी खाणारा असा भेद करीत नाही. तो भेद औषध ओतण्यापूर्वी, मातीचा नमुना तपासून, माणसालाच करावा लागतो.