हँडलपासून किल्लीपर्यंत

सकाळी घाईने बाहेर पडावे, गाडीत बसून किल्ली फिरवावी आणि बॉनेटखालून नुसता 'टक्' असा एकच आवाज येऊन सारे शांत व्हावे, हा अनुभव ज्याला आला नाही असा गाडीवाला विरळाच. आपल्याकडचा मिस्त्री यावर तीन शब्दांत निदान करतो: "सेल्फ गेला, साहेब." हा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी विजेची मोटर, थोड्या हत्यारांनिशी घरीही बदलता येतो. परंतु ते काम करताना जे नियम पाळावे लागतात, त्यांतील बरेचसे या यंत्राच्या जन्मकथेतच दडलेले आहेत. ती कथा, श्रोतेहो, आज सांगावयाची आहे.

माझ्या एका काकांच्या उजव्या मनगटाला कायमचा बाक होता. लहानपणी आम्हांला वाटे, तो जन्माचाच असावा. पुढे कळले, की तरुणपणी गाडीला हँडल मारताना ते हँडल उलटे फिरले आणि मनगटाचे हाड मोडले. हाड जुळले, पण वाकडेच जुळले. भरलेली बादली ते त्यानंतर नेहमी डाव्या हाताने उचलीत.

पेट्रोलच्या इंजिनाचा हा जन्मजात दोष आहे. वाफेच्या यंत्रात वाफ कोंडून ठेविलेली असते. झडप उघडली की ते चालू लागते. विजेच्या मोटरला वीज दिली की ती फिरते. पेट्रोलचे इंजिन मात्र आधी दुसऱ्या कोणी फिरविल्याशिवाय स्वतः फिरत नाही, कारण हवा आणि इंधन आत ओढून दाबण्याचे कामही त्याला फिरूनच करावे लागते. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीचे चाक हातानेच फिरवीत. नंतर पुढच्या बाजूला हँडल आले. त्यात धोका असा, की दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच ठिणगी पडली, तर इंजिन उलट दिशेने झटका देई आणि तो सारा झटका हँडल धरणाऱ्या हातावर येई. म्हणून जुने जाणते ड्रायव्हर शिकवीत, की आंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूस गुंडाळू नये, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा. म्हणजे हँडल उलटले तर हातातून सुटून तरी जाईल.

हा त्रास चुकविण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १८९६ साली इंग्लंडमध्ये डाउसिंग नावाच्या अभियंत्याने एका आर्नोल्ड गाडीला विजेची मोटर जोडली होती. कोणी स्प्रिंग वापरून पाहिली, कोणी दाबलेली हवा. यांपैकी काहीच सर्वत्र रुजले नाही.

१९०८ साली अमेरिकेत बायरन कार्टर हा गाड्यांचा निर्माता मरण पावला. रस्त्यात अडलेल्या एका बाईची गाडी सुरू करून देताना हँडलाचा तडाखा त्याच्या जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यातून त्याचा अंत झाला, अशी हकिकत पुढे प्रसिद्ध झाली. तिच्या तपशिलांविषयी इतिहाससंशोधकांनी शंका घेतली आहे. तथापि अशी हकिकत लोकांना सहज पटावी इतके हे अपघात नित्याचे होते, यात संशय नाही. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड हे कार्टरचे स्नेही. आपल्या गाडीने माणूस जायबंदी होऊ नये, असे त्यांनी मनावर घेतले, आणि हे काम ओहायोतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या तरुण अभियंत्याकडे आले.

केटरिंगचा जन्म १८७६ सालचा. १९०४ मध्ये पदवी घेतल्यावर तो दुकानातील गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस लागला आणि हाताने फिरवावयाच्या त्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसविली. पुढे एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्याने स्वतंत्र कंपनी काढली; तिचे पहिले काम डीड्सच्या घरामागील कोठारात चाले. त्या काळच्या तज्ज्ञांचा आक्षेप असा होता, की मोटारीचे इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर करावयाची, तर ती इंजिनाएवढीच मोठी होईल. केटरिंगला गल्ल्याच्या यंत्राने वेगळा धडा दिला होता. तेथील मोटरला दिवसभर राबावे लागत नसे. एक झटका दिला की तिचे काम संपे. इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचे तरी काय निराळे? तिला काही सेकंदच बळ लावावयाचे, मग विश्रांती. तेव्हा दिवसभर पेलवणार नाही एवढे ओझे लहानशा मोटरवर क्षणभर टाकावयास हरकत नाही. सारा शोध या एका विचारात आहे.

फेब्रुवारी १९११ मध्ये ही योजना कॅडिलॅकवर बसविण्यात आली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे घेऊनच बाजारात आल्या. फोर्डच्या स्वस्त 'मॉडेल टी'ला ही सोय मिळण्यास १९१९ साल उजाडले. मनगटाच्या ताकदीची अट गेली आणि स्त्रिया, वृद्ध, अशक्त माणसे यांना पेट्रोलची गाडी स्वतः सुरू करता येऊ लागली. त्या वेळी अमेरिकेतील शहरांत विजेवर चालणाऱ्या गाड्याही बऱ्याच होत्या, आणि हँडल मारावे लागत नाही हे त्यांचे मोठे आकर्षण होते. ते वैशिष्ट्य संपल्यामुळे त्यांची पीछेहाट अधिकच वेगाने झाली. आपल्याकडे हँडल पुष्कळ वर्षे टिकले. जुन्या अँबॅसॅडर आणि फियाट गाड्यांच्या डिकीत ते असेच. सेल्फने दगा दिला की तेच उपयोगी पडे.

आता घरच्या दुरुस्तीकडे वळू. क्षणभर मोठे बळ द्यावयाचे, म्हणजे क्षणभर मोठी वीज घ्यावयाची. घरातल्या मोठ्या प्लगमधून १५ अँपिअर वीज घेतली जाते. लहान गाडीचा सेल्फ बॅटरीतून १०० ते २०० अँपिअर ओढतो. म्हणून त्याची तार आंगठ्याएवढी जाड असते, आणि म्हणूनच बॅटरीच्या टोकावर साचलेला थोडासा क्षारही त्याची वाट अडवितो. किल्ली फिरविताच दिवे मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या जोडांचा; दिवे लखलखीत राहिले आणि 'टक्' एवढेच झाले, तर सेल्फचा संशय धरावा. नवा सेल्फ आणण्यापूर्वी एवढी परीक्षा केली, तर कित्येकांचे पैसे वाचतील.

काम करताना गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, आणि सर्वांआधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. गाडीचे सारे अंग त्या टोकाशी जोडलेले असते. ते न सोडता धन टोकावर पाना लावला आणि त्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले, तर तीच शेकडो अँपिअर वीज पान्यातून धावते. गाडीखाली शिरावे लागले, तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम स्टँड हवेत. कोणती तार कुठे होती याची खूण करून तारा सोडाव्यात, मग सेल्फला खालून आधार देऊन बोल्ट काढावेत. इंजिनाच्या चाकाचे दाते झिजले आहेत का, हे त्या मोकळ्या जागेतून पाहून घ्यावे; ते झिजलेले असतील, तर नवा सेल्फही फुकट जाईल. तो ज्या पृष्ठावर बसतो ते घासून स्वच्छ करावे, कारण वीज परतते ती त्याच मार्गाने. सर्व पक्के आवळल्यावर ऋण टोक अखेरीस जोडावे. आणि गाडी सुरू झाली नाही, तर किल्ली दहा सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. मध्ये विश्रांती द्यावी. केटरिंगने ही मोटर क्षणभराच्या कामासाठीच कल्पिली होती.

आज विजेच्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत आणि त्यांना असा सेल्फ लागत नाही. ज्या यंत्राने त्यांच्या पूर्वजांना मागे सारले, ते उद्या कदाचित त्यांच्यामुळेच निवृत्त होईल. त्याने आपले काम चोख केले आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः अंगणात सेल्फ बदलला. हात काळे झाले, एक बोट सोलवटले. पण किल्ली फिरविली आणि इंजिन पहिल्याच खेपेस बोलले, तेव्हा मला काकांचे मनगट आठवले. ज्या सुखाकडे आपण किल्ली फिरविताना लक्षही देत नाही, ते नव्हते तेव्हा त्याची किंमत माणसे आपल्या हाडांनी मोजीत होती.